बोटीला भोक

(द्वितीय वर्ष, कला)

बोटीला भोक पडले की बोट बुडते, हे कळायला कुणाला महाविद्यालयात यावे लागत नाही. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असते. माझे वडील चौथी शिकलेले. मेअखेर बोट किनाऱ्यावर ओढली की ते तिच्या पोटाखाली उताणे झोपतात आणि विजेरीच्या उजेडात एकेका फळीचा सांधा बोटाने चाचपतात. केसाएवढी भेगही त्यांच्या बोटाला चुकत नाही. सापडली की तिच्यात कापूस ठोकायचा, वर लांबी भरायची, आणि पुन्हा पुढच्या फळीकडे सरकायचे. मासेमारी बंदीचे जून-जुलै हे दोन महिने असेच जातात. त्यांचा सारा जन्म बोटीची भोके बुजवण्यात गेला, असे म्हटले तरी चालेल.

अशा माणसाला त्याच्याच मुलाने, तेही बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीत घरी आलेल्या मुलाने, "बाबा, बोटीक एक भोक पाडूया" असे सांगावे! त्यांनी माझ्याकडे कसे पाहिले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ही त्या भोकाची हकिगत आहे.

आधी थोडे आमच्या बोटीविषयी. मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या अनेक बोटींसारखीच तीही एक आहे. लाकडी, मागच्या अंगाला केबिन, आणि केबिनच्या फळ्यांखाली इंजिन. एकदा बाहेर पडली की दोन-तीन दिवस ती समुद्रावर राहते. वर पाच-सहा माणसे. त्यांना पहाटे चहा लागतो, दोन वेळ भात आणि कालवण लागते. बंदरात उभ्या असलेल्या बोटी पाहायला येणाऱ्यांना जाळी दिसतात, झेंडे दिसतात. पण आत एक चूल असते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इतिहासाच्या तासाला आम्ही मराठ्यांचे आरमार शिकलो. गुराबा आणि गलबते यांतला फरक पाठ केला. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले हेही पाठ केले. पण त्या गलबतांवरच्या खलाशांचा भात कुठे शिजत होता, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

माझ्या आजोबांकडून मात्र मी त्याचे एक उत्तर ऐकले होते. त्यांच्या तरुणपणी शिडाच्या होडीवर लाकडाची एक उथळ पेटी असे. तिच्यात वाळू आणि माती थापून वर तीन दगड मांडायचे आणि त्यावर भांडे ठेवायचे. खाली लाकडाची होडी, मध्ये वाळू, वर आग! धूर वर जात असे. निखारा उडाला तर डोळ्यांना दिसत असे. धोका होता, पण तो डोळ्यांदेखत होता. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला आणि त्यानंतर गॅस.

घरात गॅस आला तो उज्ज्वला योजनेत. ही योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्या वर्षी आईच्या नावावर आम्हाला जोडणी मिळाली. १४.२ किलो गॅसचा तो लाल सिलिंडर घरात आला, त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू लावले होते. पण बोटीवरचा सिलिंडर अवेळी संपला की तो घरचा सिलिंडर खांद्यावरून बोटीवर जाई आणि आई पुन्हा चुलीपुढे बसून फुंकणी मारी. हे नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जे घडत होते ते लपवून लेख लिहिण्यात काय अर्थ?

सिलिंडर केबिनमध्ये कोपऱ्यात दोरीने बांधलेला असे. बाहेर ठेवला तर खारे पाणी लागून गंजेल, म्हणून आत. आमच्याच बोटीवर नव्हे, आमच्या बंदरात मी जितक्या बोटींवर चढलो तितक्यांवर मला तो आतच दिसला.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना आजही हात अडखळतो. जानेवारी २०१८. मी सहावीत होतो. बोट रात्री खाडीच्या तोंडाशी नांगरलेली होती. रात्री कधीतरी शेगडी वाऱ्याने विझली असावी आणि बटण तसेच राहिले. पहाटे जेवण करणाऱ्या खलाशाला वास आला. त्याने सिलिंडर बंद केला, दार आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. वारा आरपार गेला. अर्ध्या तासाने कुणालाच वास येईना. मग आमचे तात्या, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, इंजिन सुरू करायला फळी उचलून खाली उतरले. बॅटरीची वायर सैल झाली होती. ती घट्ट करायला त्यांनी हात लावला, आणि भक्कन जाळ झाला.

ओल्या गोणपाटांनी आग विझली. बोट वाचली. तात्याही वाचले, पण कोपरापर्यंत दोन्ही हात आणि तोंडाची एक बाजू भाजली. सव्वा महिना ते दवाखान्यात होते. उजव्या हाताची दोन बोटे आजही सरळ होत नाहीत. त्यानंतर ते समुद्रावर गेले नाहीत. मांडवात बसून ते जाळी विणतात आणि फाटलेली जोडतात.

भाजलेले बरे होते. पण लोकांनी जो निकाल दिला तो बरा झाला नाही. सगळ्यांचे एकच म्हणणे: तात्यांनी खाली उतरून बिडी पेटवली. दुसरे काय असणार? केबिनमध्ये वास राहिला नव्हता, सिलिंडर बंद होता, मग आग लागेल कशी? तात्या देवाची शपथ घेऊन सांगत, "बिडी खिशात होती, मी पेटवक नाय." आणखी एक गोष्ट ते सांगत. खाली वाकलो तेव्हा क्षणभर पायाकडून वास आला, असे. त्यावर लोक हसत. वर वास नाही आणि पायाकडे कुठून येणार? दोघा-तिघांनी तर नारळी पौर्णिमेच्या नारळाचा दोष काढला.

बाबा कधी काही बोलले नाहीत. भावाला एका शब्दानेही त्यांनी दुखवले नाही. दवाखान्याचा सारा खर्च त्यांनीच केला. पण बोट दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात गेली तेव्हा त्यांनी एक नियम केला: आमच्या बोटीवर कुणी बिडी ओढायची नाही. नियम चांगलाच होता. पण तो ऐकला तेव्हा तात्यांनी मान खाली घातली, ते मला आठवते. त्यांना त्या नियमात आपला निकाल ऐकू आला होता. सात वर्षे त्या दोन भावांनी एका ताटात जेवण केले. पण हा विषय त्यांच्यामध्ये मिटलेल्या दारासारखा उभा राहिला.

मित्रहो, या पार्श्वभूमीवर मी गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, परीक्षा संपताच गोव्याला मामांकडे गेलो. मामा मांडवीच्या काठावरच्या एका बोटींच्या कारखान्यात फायबरचे काम करतात. पुढच्या वर्षाच्या फीचे पैसे निघतील म्हणून मलाही त्यांनी तिथे दोन महिने रोजावर लावले. गोव्यात हा धंदा नवा नाही. नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या शिडाच्या नौका गोव्यातच बांधल्या गेल्या. 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. हे मी वाचले होते. पण शिडाची सफरीची नौका जवळून कधी पाहिली नव्हती.

ती तिथे पाहिली. हॉलंडचे एक वृद्ध जोडपे आपल्या चाळीस फुटी नौकेवरून फिरत फिरत आले होते. पावसाळ्यासाठी ती त्यांनी पाण्याबाहेर काढून ठेवली होती, आणि मायदेशी परतण्यापूर्वी काही आठवडे ते तिच्यावरच राहत होते. शिडी लावून वर चढायचे. वर घर, खाली कारखाना! माझ्याकडे काम आले ते नौकेच्या बाहेरच्या अंगाचे. खरवडायचे, घासायचे, आणि जिथे बारीक खड्डा वा भोक दिसेल तिथे लांबी भरायची. घरचेच काम. मी मनात म्हटले, यात आपल्याला कोण शिकवणार!

तिसऱ्या दिवशी नौकेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या वर, मला एक भोक सापडले. अंगठा जेमतेम जाईल एवढे. गोल, स्वच्छ. बाबांचा मुलगा मी! लांबीचा गोळा मळला आणि भोकावर थापणार, तोच वरून ती म्हातारी बाई ओरडली. मामाही धावत आले. "हात लावू नको रे! आदी इचार!" बाई शिडीवरून उतरून आल्या. त्यांनी माझ्या हातातला लांबीचा गोळा पाहिला, त्या भोकाकडे पाहिले, आणि काही न बोलता मला वर घेऊन गेल्या.

माझे इंग्रजी परीक्षेपुरते. त्यांचेही काही फार मोठे नव्हते. त्यामुळे आमचे बरे जमले. मागच्या बाजूला बसायच्या बाकाखाली एक पेटी होती. झाकण फक्त वरून उघडणारे. त्यात दोन सिलिंडर उभे, पट्ट्यांनी आवळलेले. एक चालू, एक राखीव. पेटीच्या चारी भिंती आणि तळ असे सांधलेले की तिच्यातून नौकेच्या आत जायला मुंगीलाही वाट नाही. आणि पेटीच्या तळाला, अगदी सर्वांत खोल जागी, एक नळी. ती नळी उताराने जात थेट त्या भोकातून बाहेर निघत होती. मी जे बुजवणार होतो ते हेच.

"हेवी," बाई म्हणाल्या. "गॅस हेवी. गोज डाउन. लाइक वॉटर." आणि त्यांनी मगातले पाणी त्या पेटीत ओतले. खाली धारेने पाणी जमिनीवर पडले.

ते पाणी पडताना पाहिले आणि माझ्या अंगावर काटा आला.

जे मला तेव्हा कळले आणि नंतर मी वाचून पक्के केले, ते थोडक्यात असे. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू मुख्यतः असतात. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड आणि ब्युटेन सुमारे दुप्पट. म्हणजे गळलेला गॅस धुरासारखा वर जात नाही. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि जिथे सर्वांत खोल जागा असेल तिथे साचतो. त्याला स्वतःचा वासही नसतो. गळती कळावी म्हणून वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. पण जिथे गॅस, तिथेच वास. नाक वर आणि गॅस पायाखाली असला तर नाकाला काय कळणार? शिवाय पेट घ्यायला फार गॅस लागतही नाही. हवेत शेकडा दोन भागांच्या आसपास मिसळला तरी ठिणगी पुरते. एक किलो द्रवरूप गॅसचा सुमारे अर्धा घनमीटर वायू होतो. तेवढ्याने वीस-पंचवीस घनमीटर हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते. आमच्या बोटीची इंजिनाची जागा त्याहून कितीतरी लहान आहे.

घरात गॅस गळला तर उंबऱ्यावरून, मोरीतून त्याला निघून जायला काहीतरी वाट असते. बोटीला उंबरा नाही, मोरी नाही. बोट म्हणजे एक वाडगा. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून आपण तो घट्ट करतो. पण जो वाडगा पाणी आत येऊ देत नाही, तो आत सांडलेले बाहेरही जाऊ देत नाही. बाबांच्या बोटांनी सांधे जितके चांगले बुजवले, तितका गॅस त्या रात्री तळाशी नीट साठून राहिला! वारा वरून आरपार गेला, केबिन स्वच्छ केली, आणि फळ्यांखालच्या त्या अदृश्य डबक्याला त्याने स्पर्शही केला नाही. तात्या त्या डबक्यात उतरले आणि वायरीची ठिणगी उडाली.

पुढचे काही दिवस बाईंनी मला सकाळची कॉफी करताना समोर बसवून सगळे दाखवले. केवळ चूल पेटवायची, पण त्याचा एखाद्या पूजेसारखा क्रम होता. आधी पेटीतल्या सिलिंडरची चावी. मग आतल्या भिंतीवर एक बटण. ते दाबले की लाल दिवा लागतो आणि पेटीतली विजेवरची झडप उघडते. मग शेगडी. शेगडी टांगलेली; नौका कलली तरी भांडे सरळ राहते. काम झाले की शेगडी बंद करायच्या आधी मागची झडप बंद. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझते, आणि मग शेगडीचे बटण. सिलिंडरजवळ दाब दाखवणारा काटा होता. चावी उघडून काटा कुठे आहे ते पाहायचे, चावी बंद करायची, शेगडी न पेटवता तीन मिनिटे थांबायचे. काटा हलला नाही तर कुठे गळती नाही. सिलिंडरपासून शेगडीपर्यंतच्या नळीला मध्ये एकही जोड नव्हता.

एकदा त्यांच्यासाठी मी बाजारातून पाच किलोचा छोटा सिलिंडर आणला. तो आपल्याकडे ओळखपत्र दाखवून सुटा मिळतो. पण त्यांच्या नळीला तो बसेना! देशोदेशी सिलिंडरची तोंडे वेगळी असतात म्हणे. सगळे जग हिंडलेली नौका आणि शेवटी अडली कशावर, तर सिलिंडरच्या तोंडावर. मग मामांनी आपल्याकडचा रेग्युलेटर मिळवून दिला. बाई हसून म्हणाल्या, प्रत्येक बंदरात पहिले हेच. मी मात्र त्या छोट्या सिलिंडरकडे पाहत होतो. बोटीवर असा एक असता तर आईचा सिलिंडर घरात राहिला असता.

मेच्या अखेरीस मी गावी आलो. बोट नुकतीच वर ओढली होती. सर्वांत आधी मी मांडवात गेलो. तात्या जाळे विणत बसले होते. मी जमिनीवर बसलो आणि त्यांना सारे सांगितले: पेटी, नळी, मगातले पाणी, खाली पडलेली धार. ते विणत राहिले. मग त्यांचा हात थांबला.

"पायाकडसून वास इलो, ह्या मी तेवाच सांगलेलंय," ते म्हणाले.

"व्हय तात्यानू. तुमी बरोबर सांगलात. गॅस थयच होतो."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बिडी माझ्या खिशात होती रे. भिजान गेली. ती मी कितीतरी दिवस ठेवललंय. कोणाक दाखवतलंय?" आणि पुन्हा विणायला लागले. त्यांचे डोळे भरले होते की नाही हे मी पाहिले नाही. पाहायचे धाडसच झाले नाही.

बाबांना सांगणे याहून अवघड होते. आमच्याकडे बापाला शिकवायची पद्धत नाही. आणि मी तर इतिहास घेतलेला मुलगा. विज्ञान दहावीनंतर सुटलेले. रात्री जेवताना मी धीर करून ते वाक्य बोललो.

"भोक? बोटीक?" बाबांनी घास खाली ठेवला. "ह्या शिकवतत काय रे तुमका कॉलेजात?"

मी सांगू लागलो. ते ऐकत होते, पण मध्येच म्हणाले, "गॅस खय दिसता? तू बगलंस?" प्रश्न रास्त होता. ज्या माणसाने जन्मभर बोटाने चाचपून खात्री केली, त्याने न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास का ठेवावा? तेव्हा मला बाईंनी दाखवलेली दुसरी युक्ती आठवली. मी वाटीत साबणाचे पाणी केले आणि बोटीवरून उतरवून घरी आणलेली जुनी नळी आमच्या सिलिंडरला जोडून तिच्यावर ब्रशाने लावले. रेग्युलेटर उघडला. एके ठिकाणी, नळी जिथे कायम दुमडून राहायची तिथे, बारीक बुडबुडे येऊ लागले. एक फुटला की दुसरा. बाबा वाकून पाहत राहिले. मग त्यांनी आपले बोट पुढे केले आणि त्या भेगेवर ठेवले. बुडबुडे थांबले. बोट उचलले, पुन्हा सुरू.

त्यांनी स्वतः रेग्युलेटर बंद केला. नळी काढून अंगणात टाकली. "ही भेग माका कशी गावली नाय?" एवढेच म्हणाले.

त्यानंतर मात्र त्यांनी मला असे प्रश्न विचारले की माझे शिक्षण तोकडे पडले. पेटी कुठल्या बाजूला? मी म्हटले, कुठेही, केबिनबाहेर. ते म्हणाले, जाळे ओढायच्या बाजूला नको, दोरी अडकेल. इंजिनाच्या झाकणाजवळही नको. नाहीतर गॅस बाहेर पडून पुन्हा आत शिरेल. ही गोष्ट मी सांगायला विसरलो होतो. त्यांना ती आपोआप सुचली! लाटेचे पाणी पेटीत गेले तर? मी म्हटले, नळीतूनच निघून जाईल. तर म्हणाले, नळीला मध्ये झोळ पडता कामा नये. झोळात पाणी साचले की गॅसची वाट बंद. सिलिंडरचा बूड गंजतो म्हणून खाली रबर. ऊन लागू नये म्हणून झाकणाला पांढरा रंग. सिलिंडर नेहमी उभाच राहिला पाहिजे, हे मी सांगितले. तो भर समुद्रात उभा कसा राहील, हे त्यांनी ठरवले.

जूनमध्ये मामा दोन दिवसांसाठी आले आणि प्लायवूडच्या पेटीला आतून फायबर लावून गेले. पेटी केबिनच्या मागे, डेकवर बसली. आत पाच किलोचा छोटा सिलिंडर, एक चालू आणि एक राखीव. आई म्हणाली, "माझो सिलिंडर घरात ऱ्हवतलो ना? मगे काय ता करा." नारिंगी रंगाची नवी नळी एकसंध घेतली आणि केबिनच्या भिंतीतून जिथे आत जाते तिथे ती घासू नये म्हणून रबराचे कडे बसवले. विजेवरची झडप, लाल दिवा, दाबाचा काटा हे काही आम्हाला परवडले नाही. त्याऐवजी नियम केला: जेवण झाले की आधी बाहेर जाऊन रेग्युलेटर बंद करायचा, ज्योत आपोआप विझू द्यायची. ज्योत विझलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी ताटावर बसायचे नाही. आणि फळी उचलून खाली उतरायच्या आधी, वास असो वा नसो, खालची जागा हवेशीर करायची.

सिलिंडर उभा राहावा म्हणून त्याला आवळून धरणारी दोरीची जाळी तात्यांनी विणली. न वाकणाऱ्या त्या दोन बोटांनी. पेटीत ती बांधायला सात वर्षांनी ते प्रथमच बोटीवर चढले.

शेवटचे काम राहिले ते भोकाचे. सामता घेऊन मी उभा होतो. पण बाबांनी तो माझ्या हातातून घेतला. "तुका नाय जमाचा," म्हणाले. आपल्या बोटीच्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या पुरते वर, त्यांनी स्वतः भोक पाडले. लाकडाचा भुसा खाली पडत होता. गावातली चार माणसे बघायला उभी होती. त्यांतला एक जण हसून म्हणाला, पोरगा कॉलेजात गेला आणि बापाला खुळा केला!

बाबांनी हात थांबवला. त्यांच्याकडे न पाहता ते मोठ्याने म्हणाले, "आमच्या धाकल्यान बिडी पेटवक नाय होती. गॅस खाली बसललो. तो जड असता."

मांडवातून तात्यांना ते ऐकू गेले असावे. कारण त्यांची विणायची सुई थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू झाली.

एक ऑगस्टनंतर बोट समुद्रावर जाऊ लागली. शेजारच्या दोन बोटवाल्यांनी येऊन पेटीचे माप घेतले आहे. निघण्यापूर्वी बाबा अजूनही सगळ्या बोटीवरून एकदा हात फिरवतात. सगळी भोके बुजलेली आहेत ना, ते पाहतात. आणि शेवटी मागच्या अंगाला येऊन, हे एक मोकळे आहे ना, ते बोट घालून पाहतात.